कुंद्याच्या रंगाची तबकडी

दिवसभर मी उद्यमबागेत.
मिलिमीटरचा शंभरावा भाग चुकला
तरी जॉब बाजूला काढते.
लाल ट्रे, त्यावर खडूनं ‘रिजेक्ट’.
कामगार माझ्यामागं काय म्हणतात, माहीत आहे मला.

आणि रात्री, शटर ओढल्यावर,
ड्रॉवरमधून काढते माझी बिघडलेली मंडळी:
वेस्ट एंड, जिच्या बारावर कोळ्यानं विणल्यागत तडे,
फावर-लुबा, सहाच्या खाली बुरशीचा ठिपका,
आणि ही ओमेगा.

ओमेगा निपाणीची.
आदगोंडा चौगुल्यांच्या वखारीत
तंबाखूच्या पावत्यांखाली चाळीस वर्षं पडून.
विकायला आलेला नातू म्हणाला,
‘काळी कुळकुळीत होती हो, आज्जाच्या फोटोत बघा.
आता कशी झालीया, वाळल्या पानागत.’
लाजत होता. रुमालानं काच पुसत होता पुन्हा पुन्हा,
जणू डाग बाहेरच्या अंगाला आहे.
या डागानंच भाव चढतो
हे मी त्याला सांगितलं नाही.
तेवढा व्यापार माझ्या अंगात आहे.

वाळलं पान नव्हे. कुंदा.
कुणी दूध ढवळत राहिलं,
मग विसरलं, मग तळाला लागलं,
आणि टाकून द्यायचं जिवावर आलं,
तो रंग.
घडवणाऱ्यानं हा ठरवला नव्हता.
त्याच्या वहीत हा वार्निशचा दोष.
लाल ट्रे तिकडंही असणार.

दस्तगीरमामांचं दुकान खडेबाजारात, जिन्याखाली,
एक माणूस आणि एक दिवा मावेल एवढं.
‘अक्का, तबकडी नवी करून देऊ?
कोल्हापूरला धाडतो, आठ दिवसांत कोरी करकरीत.’
नको म्हटलं.
त्यांनी डोळ्यातलं भिंग काढलं.
‘माझ्या हातनं किती पुसून गेल्या, मोजल्या नाहीत.
गिऱ्हाईकच म्हणायचं, नवी दिसू दे.’
मग स्वतःशीच, ‘इरली बिडी.’
राहू दे. असू दे.
मराठीत ते एवढं हलकं होत नाही.

सहाच्या वर कधीकाळी
विकणाऱ्या दुकानाचं नाव होतं.
उरलंय ते ‘अँड सन्स’, आणि खाली
इंग्रजीतलं जुनं बेळगाव, कँपातलं.
गावात पाट्या बदलल्या, पाट्यांवर डांबर आलं,
पुन्हा पाट्या आल्या.
माझ्या भिंगाखाली तिळाएवढं गाव,
शेवटचं अक्षर उडालेलं,
आणि त्यावरून कुणी भांडायला आलेलं नाही.

भिंग जरा तिरपं धरलं की आणखी एक दिसतं.
काट्यांची सावली.
ज्या दिवशी चावी द्यायची राहिली
त्या दिवशीचे पावणेसात.
काट्यातलं रेडियम एकाच जागी धगधगत राहिलं
आणि खालची तबकडी भाजली.
आता रेडियम विझलंय,
थिजल्या तुपासारखं पिवळट बसून आहे,
अंधारात काही दाखवत नाही.
सकाळचे पावणेसात की संध्याकाळचे?
नातवाला विचारलं होतं.
वखारीत त्या वेळी काय झालं
त्यालाही ठाऊक नाही.

मी रोज चावी देते.
दिवसाला चार मिनिटं मागं पडते.
चार मिनिटं! माझ्या कारखान्यात
एवढ्यावर माणसाला घरी पाठवला असता.
इथं पडू देते.

दिवसातून दोनदा काटे
आपल्या जुन्या सावलीवर येतात.
मी बघत असले तर श्वास धरते.
थांबत नाहीत.
सावली उघडी पडते, पुन्हा कुंद्याच्या रंगात,
तेवढीच थोडी जास्त करपलेली.

उद्या पहिल्या पाळीला ट्रे रिकामा करायचाय.
नातवाचा नंबर
अजून फोनमध्ये आहे.